फ्रोडेनो थांबला होता, हेही सांगा

ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायच्या शर्यतीचा, जर्मन खेळाडू यान फ्रोडेनो याचा फोटो असलेली एक पोस्ट आमच्या धावणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या जवळपास सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: हा माणूस म्हणजे जर्मन मशीन. तिथल्या यंत्रणेने लहानपणापासून घडवलेला. ऑलिंपिक सुवर्ण जिंकून आयर्नमॅनमध्ये, म्हणजे लांब अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये, आला आणि आल्या आल्या राज्य केलं. आयर्नमॅनचा विश्वविक्रम 7 तास 27 मिनिटं 53 सेकंद. कधी थांबला नाही, कारण दुखणं डोक्यात असतं. शेवटची ओळ ठळक अक्षरांत: तुम्हीही थांबू नका.

मी फ्रोडेनोचा भक्त आहे. त्याच्या शर्यती मी रात्र रात्र जागून पाहिल्या आहेत. म्हणूनच ही पोस्ट वाचून राग येतो.

आधी ते "यंत्रणेने घडवलेला" प्रकरण. फ्रोडेनोचा जन्म 1981 चा, कोलोनचा. पण तो वाढला दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनला. पोहायला मनापासून लागला तो पंधराव्या वर्षी. पोहण्यातली मुलं त्या वयात कित्येक वर्षांचा सराव करून बसलेली असतात. ट्रायथलॉन सुरू केलं 2000 साली, म्हणजे एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास. जर्मनीत परतला 2004 मध्ये आणि झारब्रुकनला सराव करू लागला. तिथल्या प्रशिक्षणाचा त्याला फायदा झाला, ते श्रेय द्यायलाच हवं. पण पाळण्यापासून तयार केलेला खेळाडू हा नव्हे.

बीजिंग ऑलिंपिकमध्येही तो दावेदारांच्या यादीत वर नव्हता. 19 ऑगस्ट 2008, सगळ्यांच्या नजरा स्पेनच्या हावियेर गोमेझवर. शेवटच्या टप्प्यात चौघंच उरले. कॅनडाचा सायमन व्हिटफिल्ड, 2000 चा ऑलिंपिक विजेता, डोक्यावरची टोपी काढून फेकतो आणि सुसाट सुटतो. आता संपलं असं वाटतं. शेवटच्या काही मीटरांत हा उंच, लांब टांगांचा जर्मन त्याला गाठतो आणि पाच सेकंदांनी पुढे जातो. गोमेझ चौथा. चार वर्षांनी लंडनमध्ये फ्रोडेनो सहावा आला.

आता "आल्या आल्या राज्य". ऑलिंपिकचं ट्रायथलॉन म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल, 10 किलोमीटर धावणं. सायकलवर दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवायला तिथे मुभा असते. आयर्नमॅनमध्ये 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि पूर्ण मॅरेथॉन. मागे चिकटलात तर दंड. खेळाचं नाव एक, पण शरीराकडून मागणी वेगळी. जेवायचं कधी, किती प्यायचं, ताकद कुठे राखायची, सगळं नव्याने शिकावं लागतं. 2014 मध्ये फ्रँकफुर्टच्या आयर्नमॅनमध्ये त्याचं चाक पंक्चर झालं, पायांत गोळे आले, आणि तो तिसरा आला. त्याच वर्षी हवाईच्या कोनात, म्हणजे जागतिक स्पर्धेत, पुन्हा तिसराच. जिंकला झेबास्टियान कीनले. राज्य आलं पुढच्या वर्षी: 2015 मध्ये फ्रँकफुर्ट, अर्ध्या अंतराची जागतिक स्पर्धा आणि कोना, तिन्ही. त्याच्या आधीचं शिकण्याचं वर्ष पोस्टमधून गायब आहे.

विक्रमाचा मुद्दा लवकर संपवतो. 7:27:53 ही वेळ त्याने नोंदवली, 18 जुलै 2021 रोजी, जर्मनीतल्या आल्गॉयमध्ये. अंतर पूर्ण होतं. पण त्या दिवशी रस्त्यावर दोनच स्पर्धक होते: तो आणि कॅनडाचा लायनेल सँडर्स. खास त्यांच्यासाठी आखलेली लढत होती ती. ती वेळ थोर आहे, पण तिला आयर्नमॅनचा विश्वविक्रम म्हणणं चूक आहे, आणि आजची सर्वांत जलद वेळही ती नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॉर्वेच्या क्रिस्टियान ब्लुमेनफेल्टने मेक्सिकोतल्या कोझुमेलला 7:21:12 नोंदवले. खच्चून भरलेल्या शर्यतीतली फ्रोडेनोची वेळ हवी असेल तर 2016 ची जर्मनीतल्या रोटची शर्यत घ्या, 7:35:39. नाहीतर 2019 चं कोना, 7:51:13. तो तिथला तेव्हाचा विक्रम होता.

खरा मुद्दा शेवटचा. "कधी थांबला नाही, दुखणं डोक्यात असतं."

ऑक्टोबर 2017, कोना. सलग दोन वर्षांचा विजेता तिसऱ्यांदा उतरलेला. मॅरेथॉन सुरू होऊन थोडंच अंतर झालं आणि त्याची पाठ धरली. तो थांबला. रस्त्यावर आडवा झाला, पाठ ताणून पाहिली, उठला, चार पावलं पळाला, पुन्हा चालू लागला. मागचे एकेक करून पुढे निघून गेले. घरी परत जायला कुणाची ना नव्हती. तो चालत, थोडं पळत, पुन्हा चालत शेवटपर्यंत गेला. 9 तास 15 मिनिटं, पस्तिसावा. तो दिवस शर्यत जिंकणाऱ्या पाट्रिक लांगेचा होता.

हा प्रसंग पोस्ट लिहिणाऱ्याच्या बाजूचा वाटेल. हार मानली नाही ना? मग पुढचं वर्ष पाहा. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, ज्या देशात तो वाढला तिथे, त्याने अर्ध्या अंतराचं जगज्जेतेपद जिंकलं, तेही ब्रिटनचा ॲलिस्टर ब्राउनली आणि गोमेझ यांना मागे टाकून. आयुष्यातला सर्वांत चांगला फॉर्म म्हणावा असा तो महिना. आणि मग खुब्यात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेला तडा, निघालं. कोना काही आठवड्यांवर आलेलं. त्याने माघार घेतली. तो कोनाला धावलाच नाही.

पाठीचे स्नायू आखडणं वेगळं आणि हाडाला तडा जाणं वेगळं. पहिल्यात चालत पूर्ण करता येतं. दुसऱ्यात पळत राहिलात तर तडा वाढतो आणि हाड पार मोडू शकतं. हा फरक त्याला कळत होता, म्हणूनच 2019 मध्ये तो परत येऊन कोना जिंकू शकला. 2022 मध्ये टाचेच्या शिरेने दगा दिला. रोटच्या शर्यतीत धावण्याच्या टप्प्यात तो थांबला आणि बाहेर पडला. निकालात त्याच्या नावापुढे "शर्यत अपूर्ण" असं लिहिलेलं आहे. त्या वर्षी कोनाही हुकलं.

हे मी इतकं लावून का धरतोय? आमच्या ग्रुपमधला एक मित्र गोव्याच्या 70.3 ची, म्हणजे अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनची, तयारी करत होता. नडगीला एका ठरावीक जागी दुखायचं, बोटाने दाबलं की कळ. तो टेप लावून पळत राहिला. ग्रुपवर हीच पोस्ट टाकून खाली त्याने मूठ आवळल्याची खूण केली होती. आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले, मीही दिला. पुढच्या लाँग रनला अठराव्या किलोमीटरला तो रस्त्याच्या कडेला बसला तो उठलाच नाही. रिक्षाने घरी आणावं लागलं. एमआरआयमध्ये तडा दिसला. तीन महिने पळणं बंद, मिरामारच्या किनाऱ्यावरची ती गोव्याची शर्यत त्या वर्षी राहून गेली. त्या पोस्टला दिलेला माझा अंगठा अजून मला टोचतो.

तेव्हा पोस्ट पुढे पाठवायचीच असेल तर 2018 आणि 2022 घालून पाठवा. आणि 2023 सुद्धा. त्या वर्षी मोसम संपला की निवृत्ती, असं त्याने जाहीर केलं होतं. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीला तो जिंकला. 10 सप्टेंबरला फ्रान्समधल्या नीसला त्याची शेवटची जागतिक स्पर्धा झाली. सायकलच्या डोंगराळ रस्त्यावरच तो मागे पडला होता. बेचाळीस वर्षांचा तो त्या दिवशी शेवटपर्यंत पळाला, कारण त्या दिवशी मोडण्यासारखं काही नव्हतं, फक्त वेळ हातातून गेली होती. चोविसावा आला.