‘इतिहासप्रेमी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘इतिहासप्रेमी’,

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरावरच्या आणि त्याच्या गुलामांच्या व्यापाराशी असलेल्या नात्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “1807 साली ब्रिटननं गुलामांचा व्यापार बंद केला आणि लिव्हरपूल खरं मोठं झालं ते त्यानंतर. मग गुलामांचं तुणतुणं कशाला? गोदी, आयरिश लोक, महायुद्ध हे मात्र चार ओळींत गुंडाळलंत. परदेशात चार दिवस काढले की हल्ली कुणीही इतिहासकार होतो.”

मतभेदाला माझी हरकत कधीच नसते. पण ‘तुणतुणं’? हा ब्लॉग मी पदरमोड करून चालवतो. माहितीतली चूक कुणी दाखवली तर आभार मानतो. जुन्या लेखांखालच्या प्रतिक्रिया चाळून बघा. आपण चूक दाखवलेली नाही, टोमणा मारलाय.

परिच्छेद फार लांबलेत, मोबाईलवर वाचताना दमछाक होते, हे मात्र मान्य. पुढच्या वेळी तोडून लिहीन.

आता 1807. कायदा झाला म्हणून लिव्हरपूलच्या पेढ्यांनी दुकान बंद करून काशीयात्रा धरली, असं आपल्याला वाटतं का? बंदी आली ती आफ्रिकेतून माणसं विकत घेऊन जहाजात कोंबण्यावर. जी माणसं आधीच मळ्यांवर होती ती गुलामच राहिली, त्यांची मुलंही. त्यांनी पिकवलेली साखर आणि कापूस उतरायचा तो याच मर्सी नदीच्या धक्क्यांवर. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी रद्द व्हायला 1833 चा कायदा लागला, अमेरिकेत 1865 उजाडलं. 1860 च्या सुमारास ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी जवळपास 80 टक्के अमेरिकेतला होता, आणि त्यातला बहुतेक लिव्हरपूलमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. ‘त्यानंतरच मोठं झालं’ हे आपलं म्हणणं खरंच आहे. कशावर मोठं झालं, ते तुम्ही विचारलं नाहीत.

जॉन ग्लॅडस्टन घ्या. लिव्हरपूलचा बडा व्यापारी, पुढे चार वेळा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा बाप. डेमेरारात, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आजच्या गयानात, त्याचे उसाचे मळे. गुलामगिरी रद्द झाली तेव्हा सरकारनं 2 कोटी पौंड भरपाई वाटली. ती गुलामांना नव्हे, मालकांना. त्यातले लाखाहून जास्त पौंड एकट्या या गृहस्थाला मिळाले. मळ्यांवर माणसं हवीच होती, म्हणून त्यानं कलकत्त्याच्या एका पेढीला लिहून हिंदुस्थानातून करारावर मजूर मागवले. 1838 साली गयानाला पोचलेली गिरमिटियांची पहिली जहाजं ती हीच. हे तुणतुणं असेल तर त्याची एक तार आपल्या दारात बांधलेली आहे.

आणि दुसरी आमच्या घरात. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं रोखली गेली आणि लिव्हरपूलचे दलाल मुंबईकडे वळले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद आणि मंडळींनी बॅक बेच्या समुद्रात भराव घालायच्या कंपनीचे शेअर आभाळाला नेले. 1865 ला युद्ध संपलं आणि सगळे आपटले. माझे खापरपणजोबा अमरावतीला कापसाचे अडत्ये होते. त्या तेजीत त्यांनी वाडा बांधला आणि मंदीत तोच गहाण टाकला. लिव्हरपूलचं नाव मी शाळेच्या नकाशात नाही, आजीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तेही शिवीसारखं. पुढे शिकायला त्याच शहरात राहिलो. तिथल्या टाऊन हॉलच्या भिंतीवर वरच्या पट्टीत हत्तींबरोबर आफ्रिकी माणसांचे चेहरे कोरलेत. अठराव्या शतकातल्या त्या शहराला आपला पैसा कुठून येतो हे लपवावंसं वाटलं नव्हतं. अडीचशे वर्षांनी ते झाकायची घाई आपल्याला का, हे मला खरंच कळलेलं नाही. ‘चार दिवस काढले’ म्हणताना माणसानं समोरच्याची थोडी चौकशी करावी.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. इंजिनिअर थॉमस स्टीअर्सनं बांधलेल्या 1715 च्या गोदीवर लेखात एक अख्खा परिच्छेद आहे. तो आपण वाचलेला दिसत नाही. मे 1941 च्या बाँबफेकीवर मी थोडक्यात लिहिलं, कारण त्यावर मराठीतही वाचायला मिळतं. 1847 या एका वर्षात दुष्काळानं पळालेले सुमारे तीन लाख आयरिश तिथं उतरले. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे आणि तसं मी शेवटी लिहिलंही होतं. तो लेख पुढच्या महिन्यात टाकेन. त्याखाली जरूर लिहा, फक्त यावेळी स्वतःच्या नावानं.