पॉलिशने रंग झिजतो का? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांवरील बारीक चऱ्यांविषयीचा माझा लेख वाचून आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: पॉलिश करणे म्हणजे रंग झिजवणे, त्यामुळे ते दर दिवाळीला करा असे सांगणे वाचकांच्या नुकसानीचे आहे, चांगले वॅक्स लावले की चरे दिसेनासे होतात, मग पॉलिशचा खटाटोप कशासाठी, आणि माझ्या लेखाप्रमाणे एप्रिलमध्ये अंगणात, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पॉलिश केल्यावर आपल्या काळ्या गाडीचे बॉनेट उन्हात धुरकट दिसू लागले.

यातील दर दिवाळीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. ते वाक्य मी लिहायला नको होते. ते मी मागे घेतो आणि लेखातूनही काढून टाकले आहे. आजच्या गाड्यांवर रंगाच्या थरावर क्लिअर कोटचा जो पारदर्शक थर असतो, त्याची जाडी साधारणपणे 35 ते 50 मायक्रॉन भरते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. सौम्य पॉलिशने त्यातील एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, कंपाउंडने, म्हणजे जास्त भरड कणांच्या पॉलिशने, त्याहून अधिक. खालच्या रंगाला उन्हातील अतिनील किरणांपासून वाचवणारे घटक याच थरात असल्यामुळे तो गरजेशिवाय पातळ करणे हे खरोखरच नुकसान आहे. मात्र यावरून पॉलिश कधीच करू नये असा निष्कर्ष निघत नाही. तीन-चार वर्षांतून एकदा, ज्या पत्र्यावर गरज आहे तेवढ्यावरच, सर्वांत सौम्य पॉलिशने केलेले काम हा थर सहज सोसतो.

गॅरेजमध्ये ‘रबिंग’ (पॉलिश किंवा कंपाउंडने घासणे) या शब्दाची जी भीती आहे, तिचे मूळ बहुधा जुन्या गाड्यांत असावे. ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीच्या काळातील रंगावर क्लिअर कोट नसे. घासले की निस्तेज झालेला रंगच फडक्यावर उतरत असे. ही खूण आजही उपयोगी पडते: काळ्या गाडीवर पॉलिश करताना फडके काळे होऊ लागले, तर तिथे एकतर क्लिअर कोट नाही किंवा तो संपला आहे, आणि हात तत्काळ थांबवला पाहिजे. दारावर कुठे पूर्वी टचिंग झालेले असेल, तर तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

वॅक्सबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. वॅक्स चऱ्यांत भरते आणि काही काळ त्यांच्या कडा बुजवते. दोन-चार धुण्यांनंतर, विशेषतः नाशिकच्या मे महिन्यात, ते उतरू लागते आणि तेच चरे जसेच्या तसे परत दिसतात. चरा जातो तो त्याच्या आजूबाजूची पातळी किंचित खाली आणल्यावरच, आणि हे काम वॅक्सचे नाही. वॅक्सने पुढच्या धुळीपासून आणि क्षारांपासून राखण करायची, तीही स्वच्छ, सपाट झालेल्या पृष्ठभागाची. म्हणूनच क्रम आधी पॉलिश आणि मग वॅक्स असा आहे.

आता आपल्या बॉनेटविषयी, कारण माझ्या लेखातील खरी उणीव तिथे आहे. गडद रंग स्वतः फारच थोडा प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे चऱ्यांच्या कडांवरून विखुरलेला प्रकाश त्यावर लगेच उठून दिसतो. पांढऱ्या गाडीवर तेच चरे असतात, पण ते रंगाच्या उजेडात हरवून जातात. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी वर्तुळे खरी वर्तुळे नसतात; चरे सर्व दिशांना असतात, मात्र त्यांतील दिव्याच्या दिशेला आडवे असलेलेच चमकतात. म्हणजे काळ्या गाडीवर फडक्याने उठवलेला प्रत्येक नवा चराही दिसणारच. हाताला मऊ लागणारे धोतर क्लिअर कोटला मऊ नसते. त्यातच एप्रिलच्या उन्हात पत्रा इतका तापतो की पॉलिश घासून होण्याआधीच वाळते आणि कोरड्या कणांनीच घासणे होते. आपल्याला दिसलेला धुरकटपणा बहुधा अशाच असंख्य सूक्ष्म चऱ्यांचा आहे. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे आणि फोमचा मऊ पॅड वापरला पाहिजे, या दोन्ही गोष्टी मी स्पष्ट लिहायला हव्या होत्या. त्या न लिहिल्याचा त्रास आपल्याला झाला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा धुरकटपणा जाण्यासारखा आहे. बॉनेट सावलीत, सकाळी लवकर, भरपूर पाण्याने धुवून घ्या. हात फिरवल्यावर खरखर लागली, तर आधी क्ले बार (पृष्ठभागावरचे कण ओढून घेणारी मऊ, मातीसारखी वडी) साबणाच्या पाण्यासोबत हलक्या हाताने फिरवून चिकटलेले कण काढा. मग बारीक फिनिशिंग पॉलिशचे तीन-चार थेंब पॅडवर घेऊन दीड फूट लांबी-रुंदीच्या एकाच चौकोनावर काम करा आणि ते वाळण्याआधी स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. त्यानंतर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चौकोन पुसून अंधाऱ्या पार्किंगमध्ये एलईडी टॉर्चने पाहा. पॉलिशमधील तेल निघून गेल्यामुळे चरे खरोखर गेले की नुसते झाकले गेले, हे तिथेच कळते. नख अडकते असा चरा पॉलिशने काढण्याच्या फंदात पडू नका. बॉनेटच्या कडांवर थर पातळ असतो, म्हणून तिथे मास्किंग टेप लावून ठेवा.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे चरे बहुतेक वेळा धुण्या-पुसण्यातूनच येतात. सिंहस्थाच्या तयारीत ठिकठिकाणी रस्त्यांची कामे चालू असल्यामुळे गाडीवर रोज बारीक कच बसते, आणि सोसायटीत सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात. दसऱ्याला बॉनेटवर काढलेले कुंकवाचे स्वस्तिक दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने घासून काढतानाही मी पाहिले आहे. ते आधी पाण्याने भिजवून, ओघळू देऊन मगच पुसावे. बोअरचे पाणी गाडीवर वाळू दिले तर क्षारांचे डाग पडतात, ते वेगळेच.

एका चौकोनावर हे करून पाहिल्यानंतर टॉर्चखाली काय दिसले आणि फडक्यावर रंग आला का, एवढे कृपया कळवा. रंग आला असेल, तर पुढचा चौकोन घेऊ नका.