गुप्तहेरानं लायसन्स दाखवलं की चहा पाजा अन् वाटेला लावा

राजेहो, आपल्या देशात खासगी गुप्तहेराला लायसन्स देणारं सरकारी ऑफिसच नाही. २००७ साली राज्यसभेत त्यासाठी विधेयक आलं होतं, पण कायदा काही झाला नाही. तेव्हा जो माणूस "आमची एजन्सी सरकारमान्य, लायसन्सवाली आहे" म्हणतो, तो पहिल्याच वाक्यात थाप मारतो. पुढचं त्याचं किती खरं धरायचं ते तुम्ही ठरवा.

मी दारव्हा तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, सातबारा, दिवसभर हेच. मधूनच कोणी व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफची रंगीत प्रिंट काढायला येतं. परवा शेजारच्या गावचे एक काका आले. मुलीची सोयरीक पुण्याच्या मुलाशी जुळत होती अन् एका डिटेक्टिव्ह एजन्सीनं त्यांना "लायसन्स" पाठवलं होतं. वर अशोकस्तंभ, खाली क्यूआर कोड. काका म्हणाले, "शिक्का हाये ना भाऊ याच्यावर, मंग काहून भ्याचं?"

ते होतं उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान धंद्याच्या सरकारी नोंदीचं प्रमाणपत्र. अशी मी गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याला काढून दिली, ब्युटी पार्लरवाल्या ताईला काढून दिली, कुक्कुटपालनवाल्याला काढून दिली. आधार नंबर, ओटीपी, पॅन, धंद्याचा प्रकार निवडा, झालं. सरकार त्याचा एक पैसा घेत नाही. कोणता धंदा करता ते आपणच सांगायचं. यादीत 'तपास' असाही प्रकार आहे, तो निवडला की सर्टिफिकेटवर तसं छापून येतं. तपास करता येतो का, हे कोणी विचारत नाही. धंदा नोंदवण्यापुरता तो कागद चांगलाच आहे, माझा त्यावर राग नाही. पण त्यावरून कोणाला गुप्तहेर मानायचं म्हणजे सातबाऱ्यावर कापूस लिहिलाय म्हणून वावरात बोंडं मोजायला जाण्यासारखं आहे.

गुमास्त्याचंही, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचंही, तेच. २०१७ च्या कायद्यानंतर थोडे कामगार असलेल्या लहान दुकानाला नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तिची पावती मिळते. ती पावती फ्रेम करून भिंतीवर लावलेली तुम्ही पाहिली असेलच.

तिसरा कागद जरा जास्त फसवा, कारण ते खरंच लायसन्स असतं. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे अन् त्याखाली राज्य सरकार पाच वर्षांचं लायसन्स देतं. ते सुरक्षा रक्षक पुरवण्यासाठी असतं, म्हणजे बँकेच्या, मॉलच्या दारावरचा वॉचमन. कोणाची चौकशी करण्याशी त्याचा संबंध नाही. काही एजन्स्या दोन्ही धंदे करतात अन् वॉचमनचं लायसन्स गुप्तहेरीच्या गिऱ्हाइकापुढे ठेवतात. कागद खरा, पण काम वेगळं. नेटवर "आधी लायसन्स नंबर तपासा" असे लेख सापडतात, ते बहुतेक अमेरिकेचे असतात. कॅलिफोर्नियात खरंच सरकारी खातं आहे, वेबसाइटवर नंबर टाकून पाहता येतो. तो सल्ला इथं वापरायला जाल तर उलट लबाडाचंच फावेल, कारण दाखवायला कागद त्याच्याकडेच जास्त असतात.

मग काय, गुप्तहेर करूच नये? असं मी म्हणत नाही. पूर्वी मामा अन् मोठे जावई मुलाच्या गावात एक चक्कर मारायचे, पानठेल्यावर अर्धा तास बसले की चार पिढ्यांचा हिशोब कळायचा. आता मुलगा हिंजवडीत, चार पोरांसोबत फ्लॅटमध्ये. बायोडाटावर पॅकेज लिहिलेलं, शेजाऱ्याला त्याचं आडनावही माहीत नाही. तिथं मामा कोणाला विचारणार? उलट बाजूनं आपल्याकडच्या कास्तकाराच्या पोरांना मुली मिळत नाहीत. दलाल कुठून तरी मुलगी आणतो, लग्न लागतं अन् नवरी दागिन्यांसकट गायब. माहिती काढायची गरज खरी आहे. म्हणून तर हा धंदा तालुक्यापर्यंत पोचला.

माझ्या मते लायसन्सऐवजी त्याला एकच विचारा: "तुम्ही कोणतं काम करत नाही?" जाणता माणूस लगेच सांगेल की कॉल रेकॉर्ड काढत नाही, कोणाच्या फोनमध्ये ॲप टाकत नाही, बँकेचं स्टेटमेंट आणत नाही. काकांच्या एजन्सीनं मात्र स्वतःहून "मुलाचे सहा महिन्यांचे कॉल डिटेल्स" देऊ केले होते, वेगळे पैसे घेऊन. अहो, ते मागायचे तर पोलिसांतही एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची सही लागते. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड विकल्यावरून खासगी गुप्तहेरांना अटक केली होती, पेपरात रोज बातम्या होत्या. असा माल मागवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दारातही पोलीस येऊ शकतात, हे मुलीच्या बापानं ध्यानात ठेवावं. अन् मुलीच्या पाळतीवर माणूस ठेवणाऱ्या मुलाकडच्यांनीही. भारतीय न्याय संहितेत पाठलागाचं कलम आहे, ७८.

प्रकरण घटस्फोटापर्यंत, कोर्टात गेलेलं असेल तर आणखी विचारा: "फोटो-व्हिडिओसोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र द्याल का?" १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे, मोबाइलमधला पुरावा कोर्टात ठेवायचा तर ते प्रमाणपत्र लागतं. ज्यानं कधी कोर्टाची पायरी चढून साक्ष दिली, त्याला हे पाठ असतं. बाकीचे म्हणतात, "ते तुमचा वकील पाहील."

जीएसटी नंबर दिला असेल तर तो मात्र तपासा, पोर्टलवर फुकट दिसतो. पंधरा अक्षरं असतात. महाराष्ट्राचा असेल तर पहिले दोन आकडे २७, पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, चालू की रद्द, सगळं समोर येतं. बॅनरवर 'प्रायव्हेट लिमिटेड' अन् पॅनचं चौथं अक्षर 'पी' असेल तर ती कंपनी नव्हे, एकटा माणूस आहे. (वीस लाखांच्या आत उलाढाल असली तर जीएसटी लागत नाही, तेव्हा नंबर नाही म्हणून कोणाला चोर ठरवू नका.) काय काम, किती दिवसांत, किती पैसे, हे स्टॅम्पवर लिहून घ्या. ॲडव्हान्स फर्मच्या खात्यात टाका, 'भाच्याच्या' फोनपेवर नको.

काकांना मी आधी ई-कोर्टच्या साइटवर बसवलं. मुलाचं नाव, जिल्हा, वर्ष टाकलं की त्या नावाच्या केसेस दिसतात. एकसारखी नावं खूप निघतात, म्हणून बापाचं नाव अन् गाव जुळवून पाहावं लागतं. मुलाकडच्यांनी सांगितलेल्या वावराचा सातबाराही काढला. दोन्ही कामं घरबसल्या होतात, त्याला गुप्तहेर लागत नाही. ज्यांना जमत नसेल त्यांनी केंद्रावर या. ई-कोर्टचे मी पैसे घेत नाही. सातबाऱ्याचे पंधरा रुपये सरकारचे आहेत, ते तेवढे द्यावे लागतील.