प्रेताची वकिली

आपल्याला आवडणारा विनोदी चित्रपट घरच्यांना दाखवायला बसणे म्हणजे आपलीच उत्तरपत्रिका आपल्यासमोर तपासली जात असताना परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहत राहणे होय. मागच्या रविवारी पावसाने सगळ्यांना घरात कोंडले असताना मी हा प्रसंग स्वतःहून ओढवून घेतला. कुंदन शाह यांचा १९८३ सालचा ‘जाने भी दो यारों’ मी आजवर किमान पंधरा वेळा पाहिला आहे; मात्र त्या पंधराही वेळा माझ्या शेजारी माझी पत्नी, आमची कन्या आणि मुक्कामाला आलेले सासरे बसलेले नव्हते, हा तपशील माझ्या लक्षात यायला हवा होता.

पहिली चूक मी चित्रपट सुरू होण्यापूर्वीच केली. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशांतून, सात लाख रुपयांच्या आत हा चित्रपट कसा उभा राहिला, नसीरुद्दीन शाह यांचा स्वतःचा कॅमेरा त्यात कसा वापरला गेला आणि चित्रीकरणादरम्यान तो चोरीला कसा गेला, हे सगळे मी इतक्या उत्साहाने सांगितले की कन्येने पहिल्या पाच मिनिटांतच, “बाबा, पैसे कमी होते ते दिसतंय,” असा शेरा मारला. तो खोटा नव्हता. विनोद आणि सुधीर या दोन छायाचित्रकारांच्या स्टुडिओत गिऱ्हाईक फिरकत नाही, हे कळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ चित्रपट ते सांगत बसतो, आणि आवाज तर अधूनमधून शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून विनोद आणि बिल्डरचा मदतनीस अशोक एकमेकांशी फोनवर बोलतात, तो प्रसंग मला अजूनही हसवतो. पण मी एकटाच हसत होतो, आणि एकट्याचे हसू तिसऱ्या मिनिटाला केविलवाणे होते.

पुढे बागेत काढलेल्या एका छायाचित्रात खून टिपला गेल्याचे या दोघांना कळते आणि महापालिका आयुक्त डिमेलो यांचे प्रेत कथेत प्रवेश करते. तिथून पुढे मी जवळजवळ त्या प्रेताचा वकील झालो. “अहो, इतके दिवस झाले, याला वास कसा येत नाही?” या पत्नीच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. दारूच्या नशेतला बिल्डर शवपेटीला बंद पडलेली मोटार समजून मृताशी गप्पा मारतो, तेव्हा तर तिने उठून कुकर लावला. मी मागून ओरडून सांगितले की डिमेलो झालेल्या सतीश शाह यांनी जिवंतपणी जेवढा अभिनय केला आहे त्याहून अवघड अभिनय मेल्यावर केला आहे, कारण पुतळ्यासारखे ताठ राहून चाकांवरून घरंगळताना चेहऱ्यावर बेफिकिरी टिकवणे सोपे नाही. आतून फक्त शिट्टीचा आवाज आला. भक्ती बर्वे पडद्यावर आल्या तेव्हा मात्र ती पुन्हा येऊन बसली, कारण त्यांची ‘फुलराणी’ तिच्या आईने रंगमंचावर पाहिलेली. तीच बाई इथे भ्रष्टाचार उघड करणाऱ्या ‘खबरदार’ची संपादक असून त्याच पुराव्यांवर सौदा करायला निघते, हे पाहून पत्नी बराच वेळ गप्प होती. दोन बिल्डर, पालिका आणि वृत्तपत्र, कोणालाही न सोडण्याचा हा निर्दयपणा हेच या चित्रपटाचे खरे बळ आहे, हे वाक्य मी तयार ठेवले होते. बोलण्याची संधी मिळाली नाही.

सासऱ्यांची हयात पूल बांधण्यात गेली आहे. चित्रपटातला उड्डाणपूल कोसळल्याचे कळताच ते ताठ बसले आणि क्युरिंग (काँक्रीटला पाणी मारणे) नीट झाले नसले, सेंट्रिंग (खालचा तात्पुरता आधार) लवकर काढले, तरी पूल असा पडत नसतो, हे त्यांनी मला सोदाहरण समजावले. या सगळ्यात ‘थोडा खाओ, थोडा फेंको’ हा गाजलेला संवाद कोणाच्याच लक्षात राहिला नाही.

मग महाभारताचे नाटक सुरू झाले. प्रेताला द्रौपदीची साडी नेसवलेली, भीम काळा चष्मा लावून गदा फिरवणारा, आंधळा धृतराष्ट्र पुनःपुन्हा ‘ये क्या हो रहा है?’ विचारणारा, आणि कोणाला काही समजण्याआधी अकबर-सलीमही रंगमंचावर हजर. कन्या सोफ्यावरून खाली घसरली, पत्नी डोळे पुसू लागली, आणि वासाचा प्रश्न कोणीही काढला नाही. मघाचे सगळे आक्षेप तसेच उभे होते, पण त्यांच्याकडे पाहायला कोणालाच सवड नव्हती. प्रेत इतके ताठ, निर्गंध आणि आज्ञाधारक नसते तर त्याची द्रौपदी झालीच नसती, हा युक्तिवाद मला तेव्हा सुचला, नेहमीप्रमाणे उशिरा.

शेवटी विनोद आणि सुधीर कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात आणि आपल्याकडे पाहून गळ्यावरून हात फिरवतात. खोलीत कोणी बोलेना.

“जावईबापू,” सासऱ्यांनी विचारले, “पूल पडला त्याची शिक्षा कोणाला झाली?”

मी पडद्यावरच्या त्या दोघांकडे बोट दाखवले.

“हे मात्र अगदी बरोबर दाखवलंय,” असे म्हणून त्यांनी चहा मागितला.