जुना सडवा, मळीची डिस्टिलरी आणि व्हिस्की : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

मका आणि बार्लीचा सडवा (दारू गाळण्यासाठी आंबवलेलं मिश्रण) महिनोन्‌महिने झाकून ठेवून मग गाळणं म्हणजे नासका माल गाळणं, त्यात विषारी मिथेनॉल वाढत जातं आणि असलं लिहून मी मालवणीसारखं दुसरं विषारी दारूकांड घडवीन, असं तुम्ही लिहिलंत. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचा हा आक्षेप आहे, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन चालणार नाही.

आधी मिथेनॉल, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, ती सडवा जुना होता म्हणून नव्हे. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारूत मिसळून विकलं गेलं होतं. सडव्यात आपसूक मिथेनॉल येतं ते पेक्टिनमधून. पेक्टिन फळांच्या सालीत-गरात भरपूर असतं, धान्यात अगदी थोडं. पिंप आणखी चार महिने ठेवल्याने धान्यातलं पेक्टिन वाढत नाही. आणि ‘पहिली धार फेकली की मिथेनॉल गेलं’ हा समजही खोटा आहे, ते सगळ्या धारेत थोडंथोडं येत राहतं. पहिली धार मी फेकतो ती नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मारणाऱ्या इथाइल अ‍ॅसिटेटसाठी.

आता नासण्याचं. मळीच्या सडव्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तुम्हाला 95 टक्क्यांचं स्पिरिट काढायचं असतं, चव ठेवायचीच नसते. तिथे जिवाणूंनी खाल्लेली साखर म्हणजे निव्वळ तोटा, म्हणून सडवा उतरला की लगेच गाळायच्या कॉलमवर. व्हिस्कीच्या तांब्याच्या भांड्यातून मात्र सडव्याची चव धारेत उतरते. स्कॉटलंडमध्ये यीस्टचं काम दोन दिवसांत आटोपलं तरी काही डिस्टिलऱ्या सडवा मुद्दाम आणखी ठेवतात. मागे राहिलेल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस जिवाणू वाढतात आणि फळांचा वास येतो. चीनमध्ये लुचौला तर ज्वारी मातीच्या खड्ड्यांत दोन-तीन महिने पुरून आंबवतात, तिथले सर्वांत जुने खड्डे 1573 सालचे मानले जातात. खड्ड्याच्या चिखलातले जिवाणू जी आम्लं बनवतात ती तशी हुंगवत नाहीत, पण अल्कोहोलशी जोडली गेली की अननसासारखा गंध देतात. तिकडच्या बैज्यू या धान्याच्या दारूची सगळी ओळख त्या गंधावर उभी आहे.

माझ्या गॅरेजमधल्या पिंपाचं झाकण उघडलं की वर सुरकुतलेली पांढरी साय दिसते आणि खवट लोण्याचा वास नाकात शिरतो. साय न मोडता नळीने खालचा नितळ सडवा काढून घेतो. त्याचीच मधली धार पाणी घालून हुंगली तर पिकलेल्या पेरूची आठवण येते. ताज्या सडव्यातून हे मला कधीच मिळालेलं नाही.

हवेबद्दलची तुमची भीती मात्र अगदी रास्त आहे. पिंप अर्धं रिकामं राहिलं किंवा झाकण सैल असलं की अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणू अल्कोहोलचा सिरका करून टाकतात. तसला सडवा गाळू नये, ओतून द्यावा. जुना सडवा आंबट असल्याने तांब्याचं भांडं प्रत्येक वेळी घासूनच घ्यावं लागतं, नाहीतर धारेला निळसर झाक येते. भांड्याच्या जोडात शिसं असेल तर त्यात हा सडवा घालूच नये, आम्लात शिसं विरघळतं.

आणि कायदा. इथे न्यूझीलंडमध्ये 1996 पासून स्वतःपुरती दारू घरी गाळता येते, विकली तर गुन्हा. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने घरी गाळणंच गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी हे वाचावं, करू नये. हे मी आता मूळ लेखाच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत घालतो आहे.

एक विचारायचं राहिलं. मळीच्या सडव्यात जिवाणू शिरलेत हे तुम्ही आम्लता मोजून ओळखायचात की वासावरून? मोजमापाची रीत आठवत असेल तर सविस्तर लिहा, माझ्या पिंपांना ती उपयोगी पडेल.