मासे पकडायला बोट नसलेल्या माणसाने काय करावं?

शनिवारी दुकानात माझा मासे पकडायचा रॉड गेला. म्हणजे अजून माझा झाला नव्हता, होणार होता. सात फुटी, मीडियम पॉवर (म्हणजे ताकद मध्यम), फास्ट अ‍ॅक्शन (म्हणजे टोकाकडे वाकणारा), दोन तुकड्यांचा, त्या रांगेतला शेवटचा नग. तो एका काकांच्या ट्रॉलीत गेला. तोच का घ्यावा, हे काकांना मीच फुकटात समजावून सांगितलं होतं!

डॅलसच्या आसपास राहणाऱ्याला बास मासा शोधत लांब जावं लागत नाही. घरामागचं तळं, पार्कातलं तळं, कुठेही असतो. टेक्ससच्या स्टेट पार्कात तर काठावरून गळ टाकायला लायसन्सही लागत नाही. पण दुकानात पाऊल टाकलं की विक्रेत्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "बोट कुठली?" बोट नाही म्हटल्यावर तो असा बघतो, जसं मंगल कार्यालयात "आपण कोणाकडून?" विचारल्यावर कोणी गप्प बसावं. मग तो थंडपणे त्याच साडेसात फुटी हेवी रॉडांकडे बोट दाखवतो.

बोटवाल्याचं ठीक आहे हो. तो सात-आठ रॉड मांडून बसतो, प्रत्येकावर वेगळं आमिष. काठावरच्याला हात दोन, त्यातला एक डास मारण्यात. त्याला एकाच रॉडवर सगळं भागवायचं असतं. सल्ले मात्र सगळे बोटीवरून येतात.

तर काका. फोनवर घरी बोलत असताना मागून आवाज आला, "मराठी ना?" वळून बघतो तर एक गृहस्थ रॉडचं टोक जमिनीला टेकवून दाबतायत.

"काय करताय काका?"

"वाकतो किती ते बघतोय."

ग्राफाइटचा रॉड असा वाकवला तर सगळा भार टोकाच्या दोन-चार इंचांवर येतो आणि काडकन मोडतो. बघायचंच असेल तर दोरा रॉडवरच्या सगळ्या कड्यांतून ओवून ओढायचा, म्हणजे भार रॉडभर पसरतो. हे मी सांगितलं. काकांनी तो रॉड ठेवला आणि दुसरा दाबायला घेतला.

काका ठाण्याचे, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. बारा वर्षांच्या नातवाला वाढदिवसाचा रॉड घ्यायचा होता. "आम्ही लहानपणी खाडीवर बांबू, तंगूस आणि गळ. झालं काम. इथे बघा, भिंत भरलीय."

लांबीपासून सुरुवात केली. काठावरून लांब फेकायला लांबी हवी, कडेच्या गवतावरून दोरा उचलायलाही हवी. पण मागे झाडं असतात, म्हणून साडेसहा ते सात फूट पुरे. मुठीच्या वर बारीक अक्षरांत आमिषाचं वजन छापलेलं असतं, ते वाचायचं. पाव ते पाच अष्टमांश औंस असेल तर आपल्या कामाचा.

"पाव औंस म्हणजे?"

"सात ग्रॅम."

"सात ग्रॅम!" काका हळहळले. "सोन्याचा भाव काय झालाय माहितेय का? आणि तुम्ही शिसं पाण्यात टाकताय."

मग त्यांचा हात दोरा गुंडाळायच्या रीलांकडे, त्यातही काचेच्या कपाटातल्या बेटकास्टर प्रकाराकडे गेला. महाग होतं म्हणून. त्यात फेकताना दोऱ्याची फिरकी स्वतः फिरते. आमिष पाण्याला लागायच्या आत अंगठ्याने ती दाबली नाही, की आमिष थांबतं, फिरकी थांबत नाही आणि दोऱ्याचा घोळ होतो. आमिष हलकं आणि वारा समोरून असेल तर हमखास. बोटवाला घोळ बाजूला ठेवून दुसरा रॉड उचलतो. काठावरच्याची संध्याकाळ नखांनी गाठी सोडवण्यात जाते. म्हणून रॉडच्या खाली लटकणारं स्पिनिंग रील, २५०० किंवा ३००० साइझचं. फेकताना त्याची फिरकी जागची हलत नाही, दोरा वरून सुटत जातो.

"पण ह्यात दहा बेअरिंग आहेत, ह्यात पाचच," काका खोका वाचत म्हणाले.

बेअरिंग मोजून रील घेऊ नये. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा धरून धरून सोडणारा ब्रेक, थोडा घट्ट करून हाताने दोरा ओढावा. तो सरळ सुटला पाहिजे. गचके देत सुटला तर मोठा मासा त्याच गचक्याला दोरा तोडतो. काकांनी ओढून पाहिला. तिथे ठेवलेल्या सगळ्याच रीलांचा.

"तंगूस कुठला?"

मुलासाठी दहा पौंडी मोनो, म्हणजे साधा एकपदरी नायलॉनचा दोरा. फिरकीच्या कडेखाली तीन मिलिमीटर जागा सोडून भरायचा, काठोकाठ भरला तर वेटोळी एकदम बाहेर येतात. ड्रॅग अडीच-तीन पौंडांवर. फेकून झाल्यावर रीलवरची दोरा अडवणारी तार हँडल फिरवून नाही, हाताने बंद करायची, नाहीतर दोऱ्याला पीळ पडत जातो. वेणीचा दोरा घेतलाच, तर आधी थोडा मोनो गुंडाळायचा. गुळगुळीत फिरकीवर नुसती वेणी घसरते.

काका ऐकत होते. मग मूळ मुद्द्यावर आले. "खायला कसा लागतो?"

"मी सोडून देतो काका."

"पकडून?"

"हो."

"मग त्याला बोलावलंत कशाला?"

मी नियम पुढे केला. टेक्ससमध्ये बहुतेक ठिकाणी १४ इंचांखालचा बास सोडावाच लागतो.

"बरोबर. आणि वरचा?"

"तोही सोडतो."

"अहो, मग १४ इंच मोजता कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. विषय बदलावा म्हणून मी टेक्ससचा विक्रम काढला: १८.१८ पौंड, लेक फोर्क, जानेवारी १९९२, बॅरी सेंट क्लेअर.

"कुठला रॉड होता त्याचा?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं असं बायको म्हणते. पण खरं ते सांगितलं. सेंट क्लेअर बासच्या मागे नव्हताच, क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी जिवंत मिनो, म्हणजे आमिषाची बारीक मासळी, लावून बसला होता.

काकांनी भिंतभर रॉडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे रॉडचा काही संबंध नाही."

तरी शेवटचा धोका सांगितलाच. काठ उंच असला की मासा रॉडने वर उचलून घ्यायचा मोह होतो. रॉड उभा धरून डोक्यामागे नेला की टोक गेलंच. मासा कडेला आणायचा, खाली वाकायचं, खालच्या ओठात अंगठा घालून धरायचा, जड असेल तर पोटाखाली दुसरा हात. वाकवत नसेल तर लांब दांड्याची जाळी.

"छान समजावलंत," काका म्हणाले आणि माझ्या हातातला सात फुटी मीडियम काढून ट्रॉलीत ठेवला. सोबत २५०० चं रीलही. बारा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाचा रॉड कुठल्या तोंडाने परत मागायचा? विक्रेता म्हणाला, साडेसात फुटी हेवी आहे, बोटीवर मस्त चालतो. त्यावर सात ग्रॅमचं आमिष लावलं तर रॉड वाकतच नाही, आणि न वाकणारा रॉड फेकणार काय? शिवाय एकसंध, म्हणजे माझ्या गाडीत टोक खिडकीबाहेर.

पैसे देताना काकांनी नंबर घेतला. रविवारी सकाळी फोटो आला: रॉड आडवा, कडी आकाशाकडे, रील रॉडच्या वर ऐटीत बसवलेलं, हँडल उलट्या दिशेला. खाली मजकूर: "रील खराब निघालं. बिल सापडत नाही. तुम्ही जवळच राहता ना?"