हे सरळ सरळ काटा मारणं झालं

डोकं फिरलंय माझं. तीन आठवडे रात्र रात्र जागून वाचलं, क्रॉफर्ड मार्केटपासून ठाण्यापर्यंत दुकानं पालथी घातली, कशासाठी, तर पाठीवर नेता येईल असा एक हलका टेंट हवा म्हणून. आणि एवढं करून शेवटी गंडलोच.

परवा टेंट घरी आला. पिशवीवर वजन छापलंय 1.9 किलो. उचलल्या उचलल्या हाताला कळलं, काहीतरी गडबड आहे. तसाच खाली वाण्याकडे गेलो, त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. 2 किलो 380 ग्रॅम. मग तिथेच सगळं सोडून एकेक वस्तू वेगळी ठेवली. आतला टेंट, वरचा आउटर आणि काठ्या, एवढंच धरलं तर बरोबर 1.9. बारा लोखंडी खुंट्या 300 ग्रॅम, त्या हिशेबातच नाहीत. दोऱ्या आणि पिशव्या मिळून 180, त्याही नाहीत. याला म्हणे 'ट्रेल वेट' म्हणतात, आणि सगळ्या सामानासकट जे भरतं ते 'पॅक्ड वेट'. मग ते छापा ना! खुंट्या काय मी घरी ठेवून जाणार आहे? दोऱ्या न बांधता हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या वाऱ्यात टेंट उभा करून दाखवा मला. वाण्याने साखरेत काटा मारला तर वैधमापनवाले दंड ठोकतात. यांना कोण विचारणार?

अर्धा किलोने काय होतं, असं घरी बसून म्हणायला सोपं आहे. शुक्रवारी रात्री दादरला कल्याणच्या लोकलमध्ये सॅक छातीशी धरून चढून बघा. मग कल्याणहून आळेफाट्याची एसटी, खुबी फाट्याला उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खिरेश्वर, आणि मग टोलार खिंडीची चढण. हरिश्चंद्रगड 1424 मीटर उंच आहे. आपल्या सह्याद्रीत फेब्रुवारीनंतर वाटेवरच्या पाण्याचा भरवसा नसतो, चार लिटर पाणी खालूनच न्यावं लागतं. म्हणजे चार किलो तिथेच गेले. पाणी कमी करता येत नाही, जेवण फारसं कमी होत नाही. कमी करायला उरतो फक्त टेंट. म्हणून तर हलक्या टेंटसाठी दुप्पट पैसे मोजले मी! आणि नेमक्या त्याच आकड्यात खोटं बोलतात.

'दोन माणसांचा' हीसुद्धा थापच. मेहुण्याला घेऊन इमारतीच्या गच्चीवर लावून बघितला. तळ 120 सेंटीमीटर रुंद, तोही डोक्याकडे, पायाकडे आणखी निमुळता. झोपायची मॅट 51 सेंटीमीटरची. दोन टाकल्या की 102 झाले, उरलेल्या जागेत बूट तरी मावतात का? सॅक तर बाहेरच. मेहुणा कुशीवर वळला की माझा खांदा भिंतीला टेकतो, आणि पहाटे त्या भिंतीला आतून पाणी सुटलेलं. बाहेर पावसाचा थेंब नाही, हे आमच्याच श्वासाचं पाणी. दोन माणसं आत झोपली की हे होणारच, त्यासाठी हवा खेळायला नीट जागा ठेवावी लागते. इथे वजन वाचवायला तीच खिडकी कापून टाकलीय.

दुकानातल्या लोकांना यातलं काही विचारलं की एकच उत्तर, 'वॉटरप्रूफ आहे, सर.' अहो, किती? कापड किती मिलीमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सहन करतं, हा साधा आकडा असतो. 1000 आहे की 3000, एवढंच सांगा. शिवणींना आतून टेप आहे का, ते सांगा. नाही माहीत. 'उभा करून दाखवता का?' तर म्हणे जागा नाही. वीस हजारांची वस्तू न बघता घ्यायची!

एका ठिकाणी तर मला ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभा राहणारा टेंट गळ्यात मारत होते. सव्वा किलोच भरतो म्हणे. हो, भरेल, पण तो उभा राहतो खुंट्यांच्या ताणावर. आपल्या गडांच्या माथ्यावर दोन बोटं मातीखाली काळा कातळ लागतो, खुंटी घुसणार कुठे? मऊ गवताळ कुरणात चालणारी वस्तू इथे विकताना एवढं तरी सांगावं की नाही?

आणि कापडाला पाणी अडवायला आतून जो थर देतात, त्या कोटिंगबद्दल तर कुणी चकार शब्द काढत नाही. माझा आधीचा टेंट माळ्यावर ठेवला होता, कोरडा करून. मुंबईचे चार पावसाळे काढले त्याने. यंदा उघडला तर आउटर आतून चिकट झालेला, घडी सोडवताना चर्र आवाज येतोय, आंबूस वास घरभर. दमट हवेत ते पॉलियुरेथेनचं कोटिंग हळूहळू कुजतं. समुद्राकाठच्या शहरात हजारो टेंट विकता, मग पिशवीत घट्ट कोंबू नका, सैल आणि हवेशीर ठेवा, एवढी एक ओळ छापायला काय जातं तुमचं?

परत करायला फोन केला. तर म्हणतात, 'उघडलाय म्हणजे वापरलेला.' न उघडता वजन कसं करायचं होतं मी? तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा मध्येच कट केला.

पुढच्या शुक्रवारी निघायचंय. बारापैकी आठ लोखंडी खुंट्या काढून ठेवल्यात, वर दगड बांधून ताण देईन. 200 ग्रॅम वाचले. उरलेले 280 मीच वाहणार, टोलार खिंडीतून वर, पाण्याच्या चार बाटल्यांसोबत.